प्रभावळीला घाम

मंडळी, ऐका. आज आधी प्रश्न, मग गोष्ट.

माया कमी पडली की काय होतं ते आपल्याला कळतं. रोप सुकतं, माणूस खंगतं, लेकरू कोपऱ्यात जाऊन बसतं. दिसतं ते डोळ्यांना. पण माया जास्त झाली तर? ती दिसते का? कुणी येऊन सांगतं का, की बाई, झालं आता, हात काढ?

पुढच्या रांगेतल्या मावशी मान हलवतायत. सुनेकडे बघून हलवतायत. मावशी, प्रश्न तुम्हाला आहे.

उत्तर पोथीत शोधायला गेलं तर रात्र पुरायची नाही. म्हणून उत्तर एका गावात शोधू. गावाचं नाव वाघझरी. गावात वाघ नाही, झराही नाही. एक विहीर आहे, आणि फाल्गुनापासून टँकर. नाव ठेवणाऱ्यानं आशेवर ठेवलं असणार. पण देवी आहे, वाघजाई, आणि ती मात्र अगदी खरी, जागच्या जागी.

तर या वाघजाईच्या मागे एक लाकडी प्रभावळ होती. प्रभावळ म्हणजे मूर्तीच्या मागची महिरप, पुरुषभर उंचीची, वर मधोमध कीर्तिमुख. तिला वाळवी लागली. वाळवीला लाकूड कळतं, देऊळ कळत नाही. एका आरतीला कीर्तिमुखाचा कान निखळला आणि गुरवाच्या पुढ्यातल्या ताटात पडला. शिवराम गुरवानं आरती थांबवली नाही. कानासकट ओवाळलं.

दुसऱ्या दिवशी पंच बसले. नवी प्रभावळ हवी. सगळ्यांच्या मनात पितळेची. पण एवढं पितळ ओतायचं म्हणजे गावातल्या प्रत्येक घरातला हंडा-कळशी वितळवावी लागली असती, आणि हंड्याला हात लावला असता तर बायकांनी पंचांनाच वितळवलं असतं. तेव्हा मागून एक आवाज आला.

"मी काँक्रीटची वततो."

सगळी वळून बघायला लागली. दौलत गवंडी. भिंतीला टेकून उभा, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत. कुणी काही बोललं नाही. का बोललं नाही, ते सांगते.

आठ वर्षांपूर्वी या दौलतनं शाळेची पाण्याची टाकी बांधली होती. त्याचं स्वतःच्या हिमतीवरचं पहिलं काम. ऐन वैशाखात. आणि महिन्याभरात टाकीला वरपासून खालपर्यंत भेग. मास्तरांची छत्री उभी आत जाईल एवढी. तेव्हापासून त्याचं नाव पडलं भेगाळ दौलत. थंडीत कुणाच्या टाचा फुटल्या तरी गाव विचारायचं, "दौलतनं बांधल्यात का रं टाचा?" तो हसायचा. आठ वर्षं हसला. हसणाऱ्या माणसाचं काही दुखत नसेल असं आपल्याला वाटतं. सोपं पडतं तसं वाटणं.

पंचांचे प्रमुख होते तात्या शेळके. ते म्हणाले, "काँक्रीट करशील रं. पण देवीच्या मागं सिमिटाचा ठोकळा? बरं दिसतंय व्हय?"

दौलत म्हणाला, "वरनं पितळ चढवायचं. मिरजेला एक ताई हायत, हर्षदा तांबट. हाटेलच्या भिंतींवर चढवत्यात. मी बघितलंय."

आता शहाणी माणसं म्हणतील, काँक्रीटवर पितळ चढतं का? चढतं. खऱ्या पितळेची पिठासारखी बारीक पूड असते. ती एका चिकट द्रावणात कालवायची, पट्टीनं भिंतीवर पातळ ओढायची, वाळू द्यायची, आणि मग घासायची. घासली की आतलं पितळ वर येतं. सोंग नाही ते. पितळ खरंच असतं, फक्त भट्टी नसते. ही हर्षदा घरची तांबट. तिच्या आजोबांनी हातोड्यानं हंडे घडवले, ही पट्टीनं भिंती घडवते.

दुसरा गवंडी पुण्याला निघून गेलेला. तात्यांनी नाइलाजानं मान हलवली. "चैत्री पुनवंला यात्रा हाय. त्याआधी हुया पायजे. आन् दौलत—"

"व्हय तात्या?"

"काय न्हाई. नीट कर."

ते "नीट कर" दौलतनं ऐकलं. पण त्याहून जास्त ऐकलं ते देवळाच्या दारात सडा घालणाऱ्या एका बाईनं. अनसाबाई. दौलतची आई. वय साठीच्या पुढे, अंगानं काडी, आणि काळजीनं मात्र चांगली धष्टपुष्ट. मंडळी, आपली गोष्ट प्रभावळीची नाही. आपली गोष्ट या बाईची आहे.

माघात दौलतनं प्रभावळ ओतली. साचा स्वतः केला, सळया स्वतः बांधल्या, कीर्तिमुखाच्या दोन्ही कानांत वेगळी सळई घातली, की हे कान आता आरतीत पडायला नकोत. साचा उघडला आणि सगळ्या प्रभावळीला गोणपाट गुंडाळलं. मग त्यानं सांगितलं, एकवीस दिवस हिला पाणी पाहिजे. ओलं ठेवलं तर घट्ट होईल. तहानेली राहिली तर तडकेल.

आणि गावानं काय करावं? ज्या गावात पाहुण्याला पाय धुवायला तांब्या देताना आत डोकावून बघतात, त्या गावानं ठरवलं की रोज प्रत्येक घरातून एक कळशी देवीच्या प्रभावळीला. सेवाच ती. पहाटे बायकांची रांग. कुणी स्तोत्र म्हणत घालायची, कुणी जावेच्या तक्रारी सांगत घालायची. सिमेंटला दोन्ही चालतं.

अनसाबाई दोन कळश्या घालायची. एक घरची, एक लेकाची.

एकविसाव्या दिवशी दौलतनं गोणपाट सोडलं. गाव गोळा झालेलं. एक भेग नाही. केसाएवढी नाही. शिवराम गुरवानं बोटानं वाजवून बघितलं, खणखणीत. तात्या म्हणाले, "बरी झालीया." तात्यांच्या तोंडून "बरी" निघणं म्हणजे इतरांची फुलं उधळणं. अनसाबाईनं प्रभावळीवरून हात फिरवला. तान्ह्या बाळाच्या टाळूवरून फिरवतात ना, तसा.

दौलत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आता पानी बंद. आता एक थेंब नगं. आता हिला वाळायची हाय."

गावानं पाणी बंद केलं. एक घर सोडून.

अनसाबाई रात्रभर तळमळली असेल. एकवीस दिवस पाणी घातलं म्हणून भेग पडली नाही, हे तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. टाकीला पाणी कमी पडलं म्हणून भेग पडली, हेही डोळ्यांनी बघितलं होतं. मग आता थांबायचं कशाला? बाहेर ऊन वाढतंय. दौलत काय, पोरगं आहे, म्हणाला बंद. चाळिशीचं पोरगं. थोडं घातलं तर कुणाचं काय जाणार आहे? पाण्यानं कुणाचं वाईट झालंय?

मंडळी, यात चूक कुठंय ते सांगा. मला सापडत नाही. प्रत्येक पायरी बरोबर आहे, आणि बाई मात्र विहिरीत उतरतेय.

पहाटे ती सडा घालायला देवळात जायचीच. हातात कळशी असायचीच. प्रभावळ आणि मागची भिंत यांच्यात हातभर फट. ती फटीतून आत सरकायची आणि मागच्या अंगानं, वरून खालपर्यंत, कळशी रिकामी करायची. पुढून कोरडी, मागून न्हायलेली. गाभाऱ्यात तर रोज अभिषेकाचं पाणी सांडलेलं असतंच. कुणाला काय कळणार?

पंधरा दिवसांनी हर्षदा आली. मिरजेची एसटी, पाठीला पिशवी, डब्यांची खोकी. तिनं आधी प्रभावळीला नमस्कार केला. देवीला नंतर. शिवराम गुरवानं ते बघून ठेवलं. मग पिशवीतून प्लॅस्टिकचा हातभर चौकोन काढला, प्रभावळीच्या पुढच्या अंगाला चिकटवला, चारी बाजूंनी पट्टी मारून बंद केला.

तात्यांनी विचारलं, "हे काय, म्याडम? पितळ कवा?"

"उद्या बघायचं, काका. आत ओल असेल तर या प्लॅस्टिकखाली थेंब जमतात. ओल असताना पितळ लावलं तर धरत नाही."

"आवो, पंधरा दिस झालं. वैरणसुद्धा वाळतीया."

"बघू तर खरं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघितलं. थेंब. मोत्यांसारखे, दाट, चौकोनभर.

हर्षदा म्हणाली, "ओल आहे." तात्या म्हणाले, "उद्या वाळंल." उद्या थेंब. परवा थेंब. हर्षदानं दौलतला बाजूला घेतलं. "दौलतदादा, राग नको. माल कालवताना पाणी जास्त पडलं होतं का?"

"न्हाई ताई. मोजून घातलंय."

"वाळू ओली होती?"

"न्हाई ताई."

त्याचा आवाज बारीक झाला. मागे उभ्या अनसाबाईनं ते बघितलं. तिला वाटलं, पोरगं घाबरलंय, म्हणजे प्रभावळीत काहीतरी गडबड आहे. दुसऱ्या दिवशी तिनं दोन कळश्या घातल्या.

तात्यांना दम निघेना. यात्रा तीन आठवड्यांवर आली. त्यांच्या हट्टासाठी हर्षदानं खाली, पायाशी, तळहाताएवढ्या जागेत पितळ लावून दाखवलं. दोन दिवसांत तो तुकडा पुरीसारखा फुगला. शिवराम गुरवानं नखानं टोकला. पापड निघावा तसा हातात आला. त्याच्या मागची बाजू ओली.

आणि इथं, मंडळी, त्या गावालाच सुचावं असं काहीतरी झालं. शिवराम गुरवानं प्लॅस्टिकखालचे थेंब बघितले, तो तुकडा बघितला, फाल्गुनातलं ऊन बघितलं. गावात माणसांच्या घशाला कोरड, आणि देवीच्या प्रभावळीला पाणी सुटतंय. त्यानं थेंब बोटावर घेतला, डोळ्यांना लावला आणि अगदी हळू म्हणाला,

"आईला घाम आलाय."

संपलं. संध्याकाळपर्यंत बायका वाट्या घेऊन आल्या. प्लॅस्टिकचा हातभर चौकोन, त्याखाली पळीभर पाणी, आणि माणसं दीडशे. गुरव दर्भाच्या काडीनं एकेक थेंब देत होता. शेजारच्या गावातली माणसं जीप करून आली. हर्षदा म्हणत होती, "अहो, हे कुठल्याही ओल्या काँक्रीटला होतं." लोक म्हणाले, म्हाराजांनो, शहरातली हाय, जाऊ द्या.

रांगेत अनसाबाईही उभी होती. तिलाही एक थेंब मिळाला. तिनं तो जिभेवर घेतला. मंडळी, तिला त्यात विहिरीची चव लागली. गावच्या विहिरीच्या पाण्याला मचूळ चव असते, जन्मभर प्यालेल्याला ती कळते. ती तिथंच उभी राहिली. मागची बाई म्हणाली, "सरका की आता, अनसाकाकू. तीर्थ एकच थेंब मिळतंय." ती सरकली. घरी गेली. चुलीपुढं बसली. चूल पेटवायची विसरली.

ती गप्प का राहिली? सांगणं काय अवघड होतं? सांगते. चमत्कार आवडला होता गावाला. दीडशे माणसांनी डोळ्यांना लावलेला थेंब आपल्या कळशीतला आहे, हे कुणी सांगायचं? ती म्हणाली, आपण उद्यापासून थांबू. आपोआप वाळेल. आपोआप मिटेल.

आपोआप मिटेल, हे वाक्य आपल्यापैकी कुणीकुणी म्हटलंय? हात वर करू नका. पेटीवाले काका, तुम्हीसुद्धा.

कारण घाम आला म्हटल्यावर पुढचा प्रश्न येतोच. का आला? देवीला कष्ट कसले? दोन दिवस गावानं विचार केला. आणि तिसऱ्या दिवशी पारावर कुणीतरी म्हणालं, हात कुणाचा लागलाय बघा की. भेगाळ हात.

झालं. मंगळवारी सभामंडपात गाव जमलं. तात्या उभे राहिले. तात्या वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा पुसला, आणि पुसला, आणि मग म्हणाले, "दौलत, गावाचं म्हणणं असं पडलंय, की ही परभावळ आईला सोसंना. उद्या काढून टाकू. तुझा काय दोस न्हाई. एकेकाच्या हाताचा गुण असतोय."

कोपऱ्यात घण आणून ठेवलेला. दौलतनं घणाकडे बघितलं. म्हणाला, "काढा." एवढंच.

हर्षदा उभी राहिली. "काका, काँक्रीट उत्तम आहे. मी इतक्या भिंती बघितल्यात. यांच्या हाताचा दोष असता तर एव्हाना दिसला असता. ओल कुठून येतेय ते आधी शोधू या."

"म्याडम, ते आमाला कळलंय कुठनं येतीया."

बायकांच्या घोळक्यात अनसाबाई बसली होती. बोलली तर काय होईल, याचा तिनं हिशेब केला असेल का? गाव हसेल, ते ती सोसेल. तीर्थ खोटं ठरेल, देवी क्षमा करेल. पण आणखी एक गोष्ट होती, आणि तीच तिला अडवत होती. पाणी मी घातलं म्हटलं की पुढचा माणूस विचारणार, का घातलंस? आणि त्याचं खरं उत्तर एकच होतं. लेकाच्या हातावर माझा विश्वास नव्हता म्हणून. आठ वर्षं गावानं दौलतला भेगाळ म्हटलं, आणि आज आईनं भर सभेत त्यावर सही करायची.

न बोलावं तर उद्या घण.

ती उठली. पदर खोचला, जसा ती कळशी उचलताना खोचायची.

"त्यो घाम न्हाई," ती म्हणाली. "माज्या कळशीतलं पानी हाय."

कुणाला कळलंच नाही. तात्या म्हणाले, "काय म्हणतीस, वैनी?"

"रोज पहाटं घालत हुते. मागनं. दौलतनं बंद केल्यापास्नं. हे चार दिस सोडून."

शिवराम गुरवाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अनसाकाकू, आमी तीर्थ म्हणून घेतलं की ते."

"हिरीचंच हाय. गाळून घेतलेलं."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि ताबडतोब गप्प झालं. तात्या खाली बसले. म्हणाले, "पण कशापायी, वैनी? पोरानं नगं म्हटलं हुतं की."

अनसाबाईनं दौलतकडे बघितलं. दौलत अंगठ्यानं जमीन उकरत होता.

"भेग पडंल म्हणून," ती म्हणाली. "मला वाटलं, पडंल."

आणि कुणीतरी, कुठल्याही गावात असतो तो एक माणूस, म्हणालाच. "आईलाच भरवसा न्हाई, मग आमी काय करावं?"

अनसाबाई म्हणाली, "तुमी घण उचलून जाग्यावर ठिवावा. तेवढं करावं."

घण जागेवर गेला. हर्षदानं सांगितलं, आता दहा दिवस पाण्याचा शिंतोडा नको. अभिषेकसुद्धा ताटात करा. मग प्लॅस्टिक लावू. तात्या म्हणाले, "गाभाऱ्याला कुलूप घालू." आणि बोलताना त्यांनी अनसाबाईकडे बघायचं टाळलं.

तेव्हा दौलत पहिल्यांदा बोलला. "कुलूप नगं. आई थांबंल."

मंडळी, घण सोपा होता. हे कठीण होतं.

थांबणं म्हणजे काय असतं, ते ज्यानं केलंय त्याला माहीत. पहाटे तिला जाग यायची. हात आपोआप कळशीकडे जायचा. सडा घालायचं काम तिनं शेजारणीला दिलं, कारण तिचा स्वतःवर भरवसा नव्हता. दिवसभर ऊन तापायचं आणि तिला प्रत्येक भांड्याच्या आवाजात भेग ऐकू यायची. ती वाघजाईला काय म्हणत असेल? दोन ओळी जमल्यात. कुणा संतांच्या नाहीत, चुकल्या तर मलाच बोला. तबला जरा हळू घ्या.

द्यावया तू शिकविले, आवराया शिकव ।
माये, माझ्या हातां आता, रिते राहणे दाखव ॥

सहाव्या दिवशी दुपारी तिला राहवेना. बाहेर झळा लागत होत्या. तिनं कळशी उचलली आणि उंबऱ्यात आली. दौलत बाहेर ओट्यावर बसला होता, थापीला तेल लावत. त्यानं मान वर केली नाही.

"कुठं, आये?"

"हितंच."

"हितंच कुठं?"

तिनं कळशी खाली ठेवली. बसली. म्हणाली, "दौलत, ऊन लई हाय रं. टाकी अशीच फुटली हुती. पानी न्हाई मिळालं म्हणून."

"व्हय. पानी न्हाई मिळालं म्हणून."

"मग?"

दौलत थापी पुसत राहिला. मग अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसा, म्हणाला, "पानी घालायला मी निघालो हुतो, आये. रोज दुपारचं घालायला लागतंय वैशाखात. तू आडवी आलीस. त्या साली शेजारच्या सदूचा पोरगा उन्हानं गेला हुता. तू म्हणलीस, दुपारचं बाहीर पडायचं न्हाई. माज्या चपला लपवल्यास तू."

अनसाबाईला आठवलं. चपला तिनं धान्याच्या कणगीच्या मागे टाकल्या होत्या. वर पोतं घातलं होतं. दौलत अनवाणी निघाला होता, दगड तापलेले, तर तिनं दारात बसून रडून गोंधळ घातला होता. आठ दिवस तो दुपारचा घरात बसला. संध्याकाळी जाऊन पाणी घालायचा. तेवढं टाकीला पुरलं नाही.

पहिल्यांदा पाणी कमी, ते मायेनं. दुसऱ्यांदा पाणी जास्त, तेही मायेनं. मधे आठ वर्षं. आणि त्या आठ वर्षांत गाव एका माणसाच्या हाताला नावं ठेवत होतं.

ती म्हणाली, "मग तू कदी सांगितलं का न्हाईस गावाला?"

"काय सांगायचं? आईनं चपला लपवल्या म्हणून टाकी फुटली? भेगाळ म्हणत हुते ते बरं हुतं."

ती उठली, कळशी पालथी घातली आणि आत गेली.

दहा दिवस झाले. हर्षदानं प्लॅस्टिक लावलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाव जमलं. हर्षदानं पट्टी सोडली, प्लॅस्टिक उजेडात धरलं. कोरडं. चमत्कार नव्हता, म्हणून कुणी डोळ्यांना लावलं नाही. दौलतनं मात्र तो चौकोन घडी करून खिशात ठेवला.

मग पितळ चढलं. आधी खालचा हात, म्हणजे पितळ धरून ठेवणारा थर, मग पितळेच्या पुडीचा पातळ थर, पट्टीनं ओढत, कीर्तिमुखाच्या दाढांत कुंचल्यानं. सगळं वाळल्यावर ते दिसत होतं चुलीतल्या राखेसारखं, मातकट. तात्या म्हणाले, "म्याडम, ह्ये पितळ? ह्याच्यापरीस सिमिट बरं हुतं."

"काका, दम धरा जरा."

"आता आमाला तेवढंच काम राहिलंय, म्याडम."

हर्षदानं बारीक पॉलिशपेपर घेतला आणि कीर्तिमुखाच्या कानापासून घासायला सुरुवात केली. राख गेली. त्याखालून एक पिवळी रेघ आली. मग दोन बोटं. मग अख्खा कान. तांबटाच्या घरच्या हातानं घासलेलं पितळ ते, समईच्या उजेडात असं काही उठलं, की शिवराम गुरव नुसता बघत राहिला. त्यानं जवळ जाऊन नखानं टोकून पाहिलं. निघालं नाही. पुन्हा टोकलं.

"पुरे की, गुरव," तात्या म्हणाले. मग प्रभावळीकडे बघत, जरा थांबून, "दौलतचा हात बराय म्हणायचा."

अनसाबाई दारात उभी होती, लांब. आत आली नाही. हात पाठीमागे धरलेले, एका हातानं दुसरा पकडलेला.

यात्रा झाली. पंचांनी शाळेच्या जुन्या टाकीशेजारी नवी टाकी बांधायची ठरवली आणि विचारलं दौलतला. पुन्हा वैशाख. टाकी ओतून झाली आणि दुपारचं पाणी घालायचे दिवस आले. सूर्य डोक्यावर. दौलतनं डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि दाराशी आला.

अनसाबाई उंबऱ्यात उभी. तिथंच, जिथं आठ वर्षांपूर्वी बसली होती. दौलत थांबला. तिनं तोंड उघडलं, मिटलं. मग ती भिंतीला सरकली. एक माणूस जाईल एवढी वाट झाली.

उंबऱ्याबाहेर चपला होत्या. कणगीमागच्या, आठ वर्षं जुन्या, वाळून कडक झालेल्या, तेल लावून लावून तिनं मऊ केलेल्या. आणि घरात शिरणाऱ्यानं काढाव्यात तशा नव्हत्या ठेवलेल्या. बाहेर तोंड करून ठेवल्या होत्या.

दौलतनं पाय घातले. एक अंगठा जरा दाबला गेला. "हुतील," तो म्हणाला, आणि उन्हात निघाला. ती त्याच्याकडे बघत राहिली तो वळणापर्यंत. वळणानंतरही राहिली. बघायला मनाई नव्हती.

तर मंडळी, प्रश्न होता, माया जास्त झाली तर दिसते का? नाही दिसत. पुढून सगळं कोरडं असतं. ती मागच्या फटीतून, पहाटे, कुणी नसताना घातलेली असते. आणि ज्याला घातली त्याच्यावर मग काहीच धरत नाही. शिक्षण धरत नाही, धंदा धरत नाही, संसार धरत नाही. वरून कितीही चांगलं लावा, पुरीसारखं फुगतं. आणि आपण म्हणतो, पोरगंच ओलं.

इथं बसलेल्या किती जणांनी निघताना लेकाला फोन केलाय, की जेवलास का? तो चौतीस वर्षांचा आहे. किती जणींच्या मुलीच्या वसतिगृहाच्या बाईंचा नंबर पाठ आहे? हसू नका. माझी लेक तिकडं तबल्याच्या मागे झोपलीय, आणि या आख्यानात मी किती वेळा तिकडं बघितलं ते तुम्ही मोजलंय, मला माहीत आहे.

पाणी घालायचे दिवस असतात. त्या दिवसांत दोन कळश्या घाला, कुणी नाही म्हणत नाही. पण एकविसावा दिवस येतो. तो आला हे लेकरूच सांगतं, आणि भर सभेत सांगतं. तेव्हा ऐकायचं. घरी गेल्यावर कणगीमागं बघा, माळ्यावर बघा. कुणाच्या चपला लपवल्या असतील तर काढा. तेल लावा. बाहेर तोंड करून ठेवा.

आता वाघजाईचं नाव घ्या आणि हात जोडा. आणि जोडलेले हात जरा वेळ तसेच राहू द्या. तेवढा वेळ तरी ते कुणाला धरून ठेवणार नाहीत.